देठ राखण्याची विद्या

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. पत्राखालीं लेखकाचें पुरें नांव नव्हतें, 'बी. एल.' एवढींच दोन अक्षरें होतीं. सोबत एका मनुष्याचें चित्र होतें. त्याच्या कपाळावर वण होता आणि वणाखालीं नाक होतें. हें नाक त्याचें जन्माचें नव्हे, तें पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्याच कपाळाच्या कातड्याचें करून दिलेलें आहे, असें पत्रांत लिहिलें होतें. प्लॅस्टिक सर्जरीचा बहुतेक कोणताही इतिहास उघडला तरी हें पत्र व हें चित्र त्यांत आढळतें.

त्या मनुष्याचें नांव पत्रांत कावसजी असें दिलें आहे. नांव पारशी वळणाचें. पण पत्रलेखक त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हणतो. इंग्रजी कानानें ऐकलेलें व इंग्रजी लेखणीनें उतरलेलें नांव मूळचें काय असेल, याचा तर्क ज्याचा त्यानें करावा. एकीकडे इंग्रज, मराठे व निजाम आणि दुसरीकडे टिपू सुलतान असें जें युद्ध १७९० पासून १७९२ पर्यंत चाललें, त्यांत हा कावसजी इंग्रजी फौजेचे बैल हांकीत असे. टिपूच्या हातीं सांपडल्यावर त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. पुढें कंपनी सरकारचें पेन्शन त्याला मिळालें. पण पेन्शनानें नाक येत नाहीं. सुमारें बारा महिने तो तसाच राहिला.

मराठी भाषेंत मनुष्याची सारी अब्रू नाकावर येऊन बसलेली आहे. नाक कापलें म्हणजे इभ्रत गेली, नाक राहिलें म्हणजे इभ्रत राहिली. शिक्षा म्हणून नाक तोडण्याची चाल ज्या मुलुखांत होती, त्याच मुलुखांत नाक बसविण्याची विद्याही वाढली, यांत नवल नाहीं. ही विद्या दरबारच्या वैद्यांपाशीं नव्हती. ती मातीकाम करणाऱ्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे जात होती. मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं ती शस्त्रक्रिया होतांना स्वतः पाहिली होती, आणि त्यांनीं पाहिलेली कृति पत्रांत दिली आहे. ती अशी.

प्रथम मेणाचा एक पातळ पत्रा करून तो उरलेल्या खुंटावर बसवीत व त्याला नाकाचा आकार देत. मग तेंच मेण सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेनें रेघ ओढीत. मेणाचें काम तेथें संपे. रेघेच्या आंतील कातडें सोडवून घेत. परंतु सगळें नव्हे. दोन डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद पट्टी न कापतां तशीच ठेवीत. नंतर खुंटाच्या कडा ताज्या करून, कपाळावरून सोडविलेलें कातडें अर्ध्या वळशानें फिरवून खालीं आणीत व कडांत बसवीत. सांधा धरून ठेवण्यासाठीं कात पाण्यांत भिजवून फडक्याच्या पट्ट्यांवर लावीत, व अशा पांचसहा पट्ट्या एकीवर एक ठेवीत. विड्याला लागणारा हा कातच टांक्याचें काम करी. चार दिवसांनीं तो काढून तुपांत भिजविलेलें फडकें ठेवीत. रोग्याला पांचसहा दिवस उताणें निजवीत. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नवें कातडें जुन्या जागेशीं पुरतें एकजीव झाल्यावर, डोळ्यांमधील ती पट्टी कापून टाकीत.

या सर्व कृतींत बुद्धीचें मर्म कोठें असेल तर तें त्या पट्टींत आहे. तिला देठ म्हणावें. कातडें मुळापासून तोडून दुसरीकडे चिकटविलें तर त्याचें रक्त तुटतें, आणि जाड तुकडा असेल तर तो बहुधा काळा पडून मरतो. देठ राखला तर त्यांतून जुन्या जागेचें रक्त वाहत राहतें आणि नव्या जागेचें रक्त हळूहळू आंत शिरतें. कोंकणांतील बागाईतदाराला हें निराळें सांगावयास नको. हापुसाचें भेटकलम बांधतांना तो फांदी झाडावरून तोडीत नाहीं. कुंडींतील रोप फांदीजवळ नेऊन दोहोंची गांठ घालून देतो, आणि सांधा जुळल्यावरच आईपासून लेंकरूं तोडतो. पुण्याच्या त्या कारागिरानें मनुष्याच्या कपाळावर भेटकलमच बांधलें होतें. चित्र जानेवारी १७९४ मध्यें काढलें, शस्त्रक्रियेला तेव्हां दहा महिने झाले होते, आणि कलम चांगलें लागलें होतें.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. या पत्राचा आधार घेऊन सर्व श्रेय सुश्रुताच्या पदरीं घालण्याची आपल्याकडे हौस आहे. सुश्रुतसंहितेंत नाक करण्याची कृति आहे हें खरें, व ती फार प्राचीन आहे हेंही खरें. पण तेथें झाडाच्या पानाचें माप घेऊन गालाचें कातडें घेण्यास सांगितलें आहे. पुण्यांत घेतलें तें कपाळाचें. देठ दोन्ही ठिकाणीं राखला आहे, पण जागा बदलली आहे. हा बदल कोणी व केव्हां केला तें कोणत्या पोथींत नाहीं. पोथी न वाचणाऱ्या हातांनीं तो केला असेल तर त्यांचा मान त्यांना मिळावा.

लंडनमध्यें जोसेफ कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें या कृतीवर वर्षानुवर्षें विचार केला, प्रेतांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका सैनिकी अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर ती करून पाहिली. दोन रोग्यांचा वृत्तांत त्यानें १८१६ सालीं पुस्तकरूपानें छापला. बर्लिनच्या ग्रेफे यानें १८१८ मध्यें याच विषयावर जर्मन पुस्तक लिहिलें. याच बर्लिन शहरांत पुढें योहान डीफेनबाख झाला. त्याचा जन्म १७९२ चा, म्हणजे कावसजीचें युद्ध संपलें त्याच वर्षीचा. नाकें, ओठ, पापण्या यांच्या दुरुस्तींत त्याचा हात त्या काळीं प्रसिद्ध होता. तो १८४७ सालीं वारला. त्याच्या शस्त्रक्रियाग्रंथाचा दुसरा भाग १८४८ मध्यें बाहेर पडला, आणि त्यांत स्त्रीच्या अतिभारी स्तनाचा खालचा भाग काढून, स्तनाखालच्या घडींत वण लपविण्याची कृति सांगितलेली आहे. स्तनभार हलका करण्याच्या अर्वाचीन शस्त्रक्रियेचा आरंभ बहुतेक इतिहासकार येथून धरतात.

नाकाच्या गोष्टींतून एकदम स्तनाच्या गोष्टीकडे वळलेलें पाहून कोणी बिचकूं नये. दोन्ही ठिकाणीं प्रश्न लाजेचा आहे. भेद इतकाच कीं, नाक गेलेला मनुष्य चारचौघांत लपूं शकत नाहीं, आणि ही व्यथा भोगणारी स्त्री ती पदराखालीं जन्मभर लपवूं शकते व बहुधा लपवितेच. कांहीं मुलींत वयांत येतांच स्तनांची वाढ बेसुमार होते. कांहीं स्त्रियांत गरोदरपणीं होते. पुष्कळांत शरीराच्या स्थूलतेबरोबर होते. मग मान दुखते, पाठ दुखते, खांद्यांवर कांचोळीच्या पट्ट्यांचे खोल वळ पडतात, घडींतील कातडें घामानें सोलवटतें, धांवतां येत नाहीं, पालथें निजतां येत नाहीं. पुरुषांची गोष्ट त्या मानानें सोपी होती. त्यांचे स्तन वाढल्यास काय करावें तें एजिना बेटाच्या पॉलस नांवाच्या ग्रीक वैद्यानें सातव्या शतकांतच लिहून ठेवलें होतें: खालून चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, मेद काढावा, शिवावें. स्त्रीच्या बाबतींत अडचण अशी कीं, स्तनाग्र जगवावयाचें, त्याची जाणीव शाबूत ठेवावयाची, जमल्यास दूधही राखावयाचें, आणि भार मात्र उतरवावयाचा.

आरंभींच्या शस्त्रवैद्यांनीं ही अडचण टाळली. फ्रान्समधील पूसाँ यानें १८९७ मध्यें वरच्या बाजूचा तुकडा काढून स्तन वर टांगून दिला. मोरेस्तँ यानें १९०५ च्या सुमारास स्तनाच्या तळांतून चकतीसारखा भाग काढला. हीं कामें बेताच्या भाराला पुरीं पडत. भार फार असला म्हणजे स्तनाग्र खालीं लोंबत राही, आणि तें वर नेल्याशिवाय शस्त्रक्रियेला अर्थ नसे. वर न्यावें कसें? शिकागोचे मॅक्स थोरेक यांनीं १९२२ मध्यें सरळ उत्तर दिलें: स्तनाग्र व त्याभोवतींचें वर्तुळ पातळ कापून बाजूला ठेवावें, भार काढावा, आणि तें नव्या जागीं रोपावें. म्हणजे देठ तोडावा. पातळ कातडें रोपल्यावर बहुधा जगतें, म्हणून ही कृति आजही फार मोठ्या भाराच्या किंवा नाजूक प्रकृतीच्या रोग्यांत वापरली जाते. पण दुधाची वाट तींत कायमची तुटते, आणि जाणीव गेली तर पुरती परत येत नाहीं.

व्हिएन्नाच्या बीझेनबर्गर यांनीं १९२८ मध्यें दुसरा मार्ग काढला. त्यांनीं सगळें कातडें आंतल्या ग्रंथीपासून सोलून मोकळें केलें, ग्रंथीला हवा तसा आकार दिला आणि कातड्याचें आवरण पुन्हां वर घातलें. आकार सुरेख येई व पुढें कित्येक वर्षें हीच रीत चाले. पण कातडें ग्रंथीपासून इतकें सुटल्यामुळें कांहीं रोग्यांत तें मरे, स्तनाग्रही मरे. कापड बेतावें तसें शरीर बेतल्याचा हा दंड होता. मग १९३० मध्यें श्वार्त्समान यांनीं एक साधी गोष्ट दाखविली. स्तनाग्राभोवतींच्या कातड्याची फक्त वरची पातळ साल काढावी, खालचा थर राखावा. त्या थरांत बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें आहे, आणि त्या जाळ्यावर स्तनाग्र जगतें. पुण्याच्या कारागिरानें दोन डोळ्यांच्या मधोमध जें राखलें होतें, तेंच येथें निराळ्या रूपानें पुन्हां राखलें गेलें. श्वार्त्समान यांच्यापुढें पुण्याचें पत्र होतें असा याचा अर्थ नव्हे. पण शरीराचा नियम दोघांना एकच सांपडला.

यानंतरचा इतिहास म्हणजे देठ कोणत्या बाजूस ठेवावा याचा वाद आहे. स्वीडनचे स्ट्रोंबेक यांनीं १९६० मध्यें तो आडवा, दोन्ही बाजूंस ठेवला. अमेरिकेचे मॅक्किसक यांनीं १९७२ मध्यें उभा, वर व खालीं ठेवला. १९७५ ते १९७७ या दोन वर्षांत तिघांचौघांनीं मिळून केवळ खालच्या देठाची रीत प्रचारांत आणली, आणि ती अनेक देशांत दीर्घकाळ सर्वांत रूढ राहिली. कातडें कापावयाचा नमुना मात्र टेक्सासच्या वाइझ यांनीं १९५६ मध्यें दिला, आणि तो त्यांनीं घेतला कांचोळीच्या बेतावरून! शिंप्याच्या विद्येचें ऋण शस्त्रवैद्यकानें इतकें उघडपणें क्वचितच मान्य केलें असेल. या नमुन्यानें वण उलट्या नांगरासारखा उरतो: वर्तुळाभोवतीं, तेथून सरळ खालीं, व घडींतून आडवा. आडवा वण नको म्हणून फ्रान्सचे लासू, ब्रुसेल्सच्या श्रीमती लझूर व कॅनडाच्या श्रीमती हॉल-फिंडले यांनीं उभ्या छेदाची रीत सुधारीत नेली. शेवटच्या बाईंचा मुख्य लेख १९९९ चा आहे. वण टोंचणाऱ्या बाजूचा विचार करणाऱ्यांत दोन स्त्रिया असाव्यात, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

ही विद्या महाराष्ट्रांत परत कशी आली? ज्या मोरेस्तँचा उल्लेख वर आला, त्याला पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, पॅरिसमध्यें शस्त्रक्रिया करतांना एका तरुण डॉक्टरनें पाहिलें. तो हॅरोल्ड गिलीज. युद्धांत चेहरे गमावलेल्या सैनिकांना चेहरे देण्याच्या कामांत गिलीज यांनीं देठाची विद्या इतकी वाढविली कीं, कातड्याची नळी करून ती पोटापासून चेहऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्यानें चालवीत नेण्यांत त्यांचा हातखंडा झाला. या गिलीज यांच्या हाताखालीं नोशीर आंटिया शिकले, आणि परत येऊन १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं पुण्याजवळ कोंढवें येथील कुष्ठरोग्यांच्या बसलेल्या नाकांवर व वांकड्या बोटांवर काम सुरू केलें. पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांतील प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग त्यांनीं उभा केला. १७९३ मध्यें ज्या पुण्याजवळ कावसजीला नाक मिळालें, त्याच पुण्याजवळ, लंडन व पॅरिस फिरून, ती विद्या पुन्हां नाकापाशींच येऊन थांबली. इकडे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. बालकृष्णन् यांनीं १९५८ मध्यें या शास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. भारतांतील तो पहिला गणला जातो.

या विभागांपुढें जळलेलीं मुलें, दुभंगलेले ओठ, गिरणींत सांपडलेले हात यांची एवढी रीघ असे कीं, स्तनभाराची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीला आपलें दुःख क्षुल्लक वाटावें. घरच्यांनाही तें तसेंच वाटतें. हा नटण्याचा सोस आहे, वजन कमी कर, असें तिला सांगितलें जातें. भांडुप व मुलुंड यांच्या मधलें नाहूर घ्या. २००६ सालीं तेथें रेल्वेचें स्थानक झालें, आणि सकाळीं त्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या शेंकडों बायका बोरीबंदरापर्यंत लोंबत्या कडीला धरून उभ्यानें जातात. त्यांतील एखादीच्या खांद्यावर पिशवीचा बंद आणि कांचोळीची पट्टी एकाच वळांत रुतत असेल, तर तो तास तिला केवढा वाटत असेल, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

वजन उतरविणें, व्यायाम, घट्ट कांचोळी या उपायांची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेंत अनेक शस्त्रवैद्यांनीं मिळून केलेली एक पाहणी २००२ मध्यें प्रसिद्ध झाली. भार असलेल्या स्त्रियांना या उपायांनीं टिकाऊ आराम पडला नव्हता, आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांचें दुखणें स्पष्ट कमी झालें होतें. भार किती किलो निघाला यापेक्षां स्त्रीला काय वाटतें हें मोजावें, या हेतूनें २००९ मध्यें 'ब्रेस्ट-क्यू' नांवाची प्रश्नावलि तयार झाली. तिच्या उत्तरांतही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या स्त्रियांचें समाधान मोठें दिसतें. मान हलकी होते, पाठ सरळ होते, आणि ज्या मुली खेळाच्या तासाला आजाराचें निमित्त सांगत त्या मैदानांत उतरतात.

तरी या शस्त्रक्रियेची किंमत आधीं सांगितलीच पाहिजे, आणि चांगला वैद्य ती सांगतो. वण कायम राहतो. आपल्या सांवळ्या कातड्यांत तो कधीं कधीं जाड व उंच होतो. उलट्या नांगराच्या नमुन्यांत जेथें उभा व आडवा छेद मिळतात त्या सांध्यावर जखम उशिरा भरणें ही नेहमींची तक्रार आहे; बहुधा ती मलमपट्टीनें बरी होते. मधुमेह, फार स्थूलता व विशेषतः तंबाखू यांनीं धोका वाढतो, कारण तंबाखूनें बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि देठ उपाशी पडतो. स्तनाग्राची जाणीव कांहीं काळ, क्वचित् कायमची, कमी होते. देठ राखूनही स्तनाग्र गमावल्याचीं उदाहरणें आहेत. तीं थोडीं आहेत, पण जिच्या वांट्याला तें येतें तिला थोडें नव्हे.

दुधाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. स्तनाग्राखालचा ग्रंथीचा खांब अखंड ठेवला असेल तर पुष्कळ स्त्रिया पुढें मुलाला पाजूं शकतात. पण दूध पुरेसें येईलच असें वचन कोणत्याही रीतीनें देतां येत नाहीं. म्हणून लग्न व मुलें व्हावयाची आहेत अशा मुलीला कित्येक वैद्य थांबण्यास सांगतात. दुसरे विचारतात, अठराव्या वर्षीं पाठ वांकलेल्या मुलीनें कोणासाठीं व किती वर्षें थांबावें? वयांत येतांना झालेली वाढ पुरती थांबली नसेल तर भार पुन्हां वाढण्याची भीति असते, एवढें कारण मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. बाकीचा निर्णय त्या मुलीचा आहे. पण आपल्याकडे तो बहुधा तिच्या आईशीं, सासूशीं, आणि कधीं कधीं तिच्या अपरोक्ष होतो.

काढलेला भाग टाकून देत नाहींत. तो तपासणीस जातो, कारण क्वचित् त्यांत कोणाच्या ध्यानींमनीं नसलेला कर्करोग सांपडतो. त्यासाठींच वय झालेल्या स्त्रीची शस्त्रक्रियेपूर्वीं क्ष-किरण परीक्षा करतात, आणि शस्त्रक्रियेनंतर पहिली परीक्षा पुन्हां करून तिचें चित्र जपून ठेवण्यास सांगतात. कारण आंतील वणांच्या गांठी पुढें रोगाच्या गांठींसारख्या दिसूं शकतात, आणि जुनें चित्र हातीं असलें म्हणजे वैद्याला त्या ओळखतां येतात.